एक फूल, एक मॅटी, एक पान: ऑनलाइन संग्रहांतून भरतकाम आणि लेखन कसं सुरू करावं

पिंटरेस्टवर संध्याकाळ घालवली, शेकडो चित्रं साठवली, आणि शेवटी हातात ना सुई आली ना पेन, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार आहे. यात आळसाचा दोष नाही. चित्रांचा मारा झाला की डोळा नुसता तुलना करत बसतो आणि हाताला काही काम उरत नाही. त्यावर उपाय एकच: एका वेळी एकच वस्तू घ्यायची, तीही कुठली, कधीची, कशाची हे ठाऊक असलेली, आणि तिच्यातूनच हातकामही काढायचं आणि लेखनही.

इथं उदाहरणादाखल कोरोमंडल किनाऱ्यावरची छीट घेतली आहे. सतराव्या-अठराव्या शतकात आजच्या आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कलमानं रंगवलेलं हे सुती कापड जहाजं भरभरून युरोपात जायचं. नवशिक्यासाठी ते तीन कारणांनी सोयीचं आहे. त्याची चांगली, मोठी आणि मुक्त चित्रं भरपूर मिळतात. फुलांच्या कडा ठळक आणि रंग मोजके असतात, त्यामुळे टाक्यांत उतरवणं जमतं. आणि ते कसं बनत होतं याची माहिती पायरीपायरीनं उपलब्ध आहे, त्यामुळे गोष्ट लिहायला बसणाऱ्याला हवेत बोलावं लागत नाही. शेवटी दोन गोष्टी हाती येतील: मॅटीवर, म्हणजे मोजता येणाऱ्या घरांच्या भरतकामाच्या सुती कापडावर, भरलेलं चार इंची फूल आणि त्याच कापडावरून लिहिलेलं एक पान.

कुठं शोधायचं

सुरुवात संग्रहालयांच्या स्वतःच्या संकेतस्थळांपासून करा, चित्रं गोळा करणाऱ्या अ‍ॅपपासून नको. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींची चित्रं 'सीसी झीरो' परवान्याखाली खुली केली. आज ती चार लाखांच्या वर आहेत. क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयानं जानेवारी २०१९ मध्ये आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेनं फेब्रुवारी २०२० मध्ये हेच केलं. अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियमही मोठ्या आकाराची चित्रं मोफत उतरवू देतं. सीसी झीरो म्हणजे चित्र वापरा, बदला, त्यावरून केलेली वस्तू विका, परवानगी लागत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे भारतीय कापडाचा अप्रतिम साठा आहे, पण तिथल्या चित्रांच्या अटी वेगळ्या आहेत. पाहायला आणि शिकायला ते उत्तम. विकायच्या वस्तूसाठी मात्र आधी अटी वाचा.

लेखनासाठी लागणारी मराठी साधनं निराळी आहेत. शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी'वर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२ ते १९५०) शोधता येतात. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. आणि 'पारी'वर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर, जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह आहे. त्याकडे पुढं येऊच.

कसं शोधायचं

'सुंदर भारतीय नक्षी' असं टाकलंत तर काहीही येईल. संग्रहालयांची सूची वस्तूचा प्रकार, साहित्य, ठिकाण आणि काळ या चार खणांत विभागलेली असते, म्हणून शोधही त्याच भाषेत करा. छिटेसाठी इंग्रजीत 'चिंट्झ', 'कोरोमंडल कोस्ट', 'पेंटेड कॉटन' हे शब्द चालतात. 'पालमपोर' हाही टाका. आपल्याकडचे मोठे पलंगपोस सूचीत या नावानं आहेत, आणि त्यांवरच्या मोठ्या झाडाच्या फांद्यांवर डझनावारी वेगवेगळी फुलं एकाच कापडात सापडतात. मेटच्या, म्हणजे मेट्रोपॉलिटनच्या, शोधपानावर 'ओपन अ‍ॅक्सेस'ची गाळणी लावा, म्हणजे वापरता न येणारी चित्रं आधीच बाजूला पडतील.

तंजावरशी नातं असलेल्यांनी 'कोडाली करुप्पूर' हा शोध जरूर करावा. कुंभकोणमजवळच्या या गावात तंजावरच्या मराठा दरबारासाठी जरीनं विणून, मेण लावून रंगवलेली वस्त्रं होत असत. विणकाम आणि कलमकाम एकाच वस्त्रात असल्यामुळे त्याची नक्षी टाक्यांत उतरवणं अवघड जातं. ते दुसऱ्या-तिसऱ्या कामासाठी राखून ठेवा. कथेसाठी मात्र आजच घ्या. तंजावरातल्या मराठी घरावर लिहिणाऱ्याला यासारखा धागा मिळणार नाही.

वेळेची मर्यादा ठेवा. शोधायला अर्धा तास, त्यात जास्तीत जास्त दहा चित्रं, आणि मग त्यांतलं एक. बाकीची नऊ मिटवून टाका. ती पुन्हा हवी झाली तर शोध दोन मिनिटांत लागतो.

चित्र निवडताना पारखायच्या गोष्टी: फूल एकटं, पूर्ण आणि समोरून दिसणारं हवं; कडेची काळी किंवा तांबडी रेष जाड हवी; रंग सहाच्या आत बसायला हवेत; आणि चित्र मोठं करून पाहिलं की फुलाची बाजू किमान हजार पिक्सेल भरायला हवी. चित्र उतरवताना त्याच्या पानाचा दुवा, वस्तूचा नोंदणी क्रमांक आणि परवाना एका वहीत लगेच लिहा. 'नंतर लिहू' म्हटलं की उगम हरवतो, आणि उगम हरवलेलं चित्र विकायच्या वस्तूत वापरता येत नाही. कुठून तरी आलेलं चित्र आवडलंच असेल तर गुगल लेन्स किंवा टिनआयमध्ये उलटा शोध घेऊन, म्हणजे चित्र टाकून ते कुठं-कुठं आहे ते शोधून, मूळ पान गाठा.

सध्या एक सावधगिरी जास्तच लागते. यंत्रानं बनवलेली भरतकामाची चित्रं 'नमुना' म्हणून फिरतात आणि नवशिके ती तशीच भरायला बसतात. जवळून पाहिलं तर दोऱ्याची दिशा मध्येच विरघळते, टाका कुठं सुरू होऊन कुठं संपतो ते कळत नाही, आणि खाली आलेख (कुठल्या घरात कुठल्या रंगाचा टाका ते दाखवणारी चौकडी) किंवा दोऱ्यांची यादी नसते. असा नमुना कुणालाच भरता येणार नाही, कारण तो कधी भरला गेलेलाच नसतो.

नोंद वाचा, चित्र नुसतं पाहू नका

चित्राखालची नोंद हा निम्मा खजिना असतो आणि बहुतेक जण तो न वाचताच पुढं जातात. तिच्यात काळ, ठिकाण, साहित्य, मोजमाप आणि वस्तू कुणाकडून आली ते असतं. मोजमाप फार कामाचं: दोन मीटरहून लांब पलंगपोसातलं फूल प्रत्यक्षात तळहाताएवढं होतं की बशीएवढं, हे त्यावरून काढता येतं.

आता पानांचा रंग बघा. अनेक जुन्या छिटांत पानं निळी दिसतात. रंगवणाऱ्यानं ती निळी ठेवली नव्हती. हिरवा रंग मिळवायला आधी निळीचा रंग देत आणि त्यावर कलमानं पिवळा चढवत. निळी टिकाऊ असते. वनस्पतीतून काढलेला पिवळा उन्हानं आणि धुण्यानं उडतो. अडीचशे वर्षांनी पिवळा गेला आणि निळा मागे राहिला. तसंच काळ्या रेषांचं. काळा रंग लोखंडाच्या द्रावणानं येतो, आणि तेच लोखंड हळूहळू सूत खातं. म्हणून पुष्कळ तुकड्यांत काळ्या रेषेच्या जागी बारीक चिरा आणि भोकं दिसतात.

या दोन्ही गोष्टी भरणाऱ्याच्याही उपयोगाच्या आणि लिहिणाऱ्याच्याही. भरणाऱ्यानं आधीच ठरवावं: पानं आज दिसतात तशी निळी भरायची की मुळात होती तशी हिरवी? आमचं मत निळीच्या बाजूनं आहे. त्या निळ्या पानांमुळेच हे काम बाजारातल्या तयार संचासारखं दिसत नाही.

चित्रावरून आलेख

क्रॉस स्टिच, म्हणजे फुलीचा टाका, चौकडीवर चालतो. म्हणून चित्राचे चौकोन पाडावे लागतात. पहिल्या कामासाठी ५६ बाय ५६ चौकोन घ्या. इंचाला १४ घरं असलेल्या मॅटीवर ते बरोबर ४ इंच होतात. यापेक्षा मोठं घेतलंत तर काम अर्ध्यावर पडून राहण्याचीच शक्यता जास्त.

संगणक असेल तर 'गिंप' हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. क्रम पाळा, कारण क्रम चुकला की आलेख बिघडतो.

१. फूल चौरसात कापून घ्या आणि मागचं पिवळट कापड एकाच पांढऱ्या रंगानं भरून टाका. हे केलं नाही तर जुन्या कापडावरचे डागही आलेखात टाके होऊन येतात.

२. 'स्केल इमेज'मध्ये आकार ५६ बाय ५६ पिक्सेल करा.

३. मग 'मोड'मध्ये 'इंडेक्स्ड' निवडा, रंग ७ ठेवा (सहा दोऱ्यांचे, एक पांढरा) आणि 'डिदरिंग' पूर्ण बंद करा. डिदरिंग चालू राहिलं तर दोन रंग मिसळल्याचा भास करण्यासाठी यंत्र एकेक चौकोन विखरून टाकतं, आणि तुम्हाला एकेका टाक्यासाठी दोरा बदलत बसावं लागतं.

४. मोड परत आरजीबी करा, आकार ११२० बाय ११२० करा, पण या वेळी 'इंटरपोलेशन' 'नन' ठेवा, नाहीतर चौकोनांच्या कडा धूसर होतात.

५. 'ग्रिड'च्या फिल्टरनं दर २० पिक्सेलला बारीक आणि दर २०० पिक्सेलला जाड रेष मारा. जाड रेषा असल्या की दहा-दहा घरं मोजता येतात.

छापताना फुलाची रुंदी १६.८ सेंटिमीटर ठेवा. प्रत्येक घर ३ मिलिमीटरचं येतं आणि कागद ए-चारमध्ये बसतो.

फक्त मोबाइल असेल तर 'स्टिच फिडल'सारख्या संकेतस्थळावर चित्र टाकून घरं आणि रंगांची संख्या देता येते. आणि हे काहीच नको असेल तर आलेखवही आहेच: फूल ११.२ सेंटिमीटर रुंद छापा, खिडकीच्या काचेला चिकटवा, वर आलेखकागद लावा आणि २ मिलिमीटरचं एक घर धरून रंगवत जा. हाताच्या या पद्धतीला वेळ लागतो, पण पाकळी कुठं वळते ते हाताला कळतं, आणि यंत्रापेक्षा चांगला निर्णय घेता येतो.

तिन्ही पद्धतींत शेवटी आलेखावर हात फिरवावा लागतोच. एकटे पडलेले चौकोन शेजारच्या रंगात मिळवा. देठ आणि लतातंतू एका घरापेक्षा बारीक असतील तर ते तुटक येतात किंवा गायब होतात. ते आलेखातून काढून टाका आणि फुल्या पूर्ण झाल्यावर वरून हातटिपेनं, म्हणजे बॅकस्टिचनं, काढा.

कापड, दोरा, सुई

मॅटी १० बाय १० इंच घ्या: मधे ४ इंचांचं काम, चारी बाजूंना ३ इंच जागा. दुकानदार 'चौदाची' म्हणाला तरी पट्टी ठेवून एका इंचात किती घरं आहेत ते तिथंच मोजा. ११ घरांची मॅटी निघाली तर तुमचं फूल ४ ऐवजी ५ इंचांहून थोडं मोठं होईल. तेही चालेल, पण तेव्हा कापड १२ इंच लागेल आणि दोऱ्याचे २ ऐवजी ३ पदर घ्यावे लागतील.

दोरा सहा पदरी सुती, लडीत ८ मीटर असतो. चौदाच्या मॅटीवर २ पदर वापरतात, म्हणजे एका लडीतून २४ मीटर दोरा निघतो आणि वाया जाणारं धरूनही साधारण दीड हजार पूर्ण फुल्या होतात. ५६ बाय ५६ मध्ये मागची जागा सोडली तर सगळं फूलच तेवढ्यात येतं. म्हणून सहा रंगांची एकेक लडी भरपूर झाली.

रंग जुळवताना पडद्यावर विसंबू नका. पडदा उजेड फेकतो, दोरा उजेड शोषतो, म्हणून मोबाइलवरचा तांबडा दुकानात गुलाबी वाटतो. छापलेला आलेख घेऊन जा आणि लडी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न निवडता दारात, उन्हात धरून निवडा. छिटेतला तांबडा जरा मळकट, विटेकडे झुकणारा असतो. झळझळीत लाल घेतलात तर बाकी सगळे रंग झाकोळतात. गडद तांबडा आणि गडद निळा यांचा रंग जातो का तेही पाहा: दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून ठेवा, डाग पडला तर ती लडी या कामाला घेऊ नका.

सुई बोथट टोकाची, २४ नंबरची. टोकदार सुई मॅटीच्या भोकातून न जाता सूत फोडून जाते आणि फुल्या वाकड्या होतात. रिंग ६ इंची.

भरायला बसताना

मॅटी दोनदा घडी घालून मध्य काढा, आलेखाचाही मध्य काढा, आणि तिथूनच सुरुवात करा. कोपऱ्यातून सुरू केलं आणि मोजण्यात चूक झाली तर फूल कापडाबाहेर जातं.

दोरा ४५ सेंटिमीटरपेक्षा लांब घेऊ नका. लांब दोरा प्रत्येक ओढीला मॅटीवर घासून पिंजतो. सहा पदर एकदम ओढून वेगळे करायला गेलात तर गुंता होतो. एकेक पदर वर ओढून काढा आणि मग दोन शेजारी ठेवून सुईत घाला.

गाठ मारू नका. दोऱ्याचं टोक मागं दोन सेंटिमीटर सोडून पहिल्या चार-पाच टाक्यांखाली दाबून घ्या. शेवटही तसाच. मागं गाठी राहिल्या तर चौकट करताना पुढून टेंगळं दिसतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. फुलीचे दोन पाय असतात. वरचा पाय संपूर्ण कामात एकाच दिशेला असू द्या, समजा खाली डावीकडून वर उजवीकडे. रांग भरताना आधी सगळे खालचे पाय एका दिशेनं करत जा आणि परत येताना वरचे पाय टाका. काही फुल्यांचा वरचा पाय उलटा पडला तर आलेखात काही चूक दिसत नाही, पण दोऱ्यावर उजेड वेगळा पडतो आणि तेवढीच पाकळी चकाकते. मग कुठंतरी काहीतरी बिनसलंय असं वाटत राहतं आणि ते सापडत नाही. भरताना कापड फिरवलं की हे हमखास होतं, म्हणून मॅटीच्या वरच्या कडेला पेन्सिलीनं बाण करून ठेवा.

एका रंगाचा एक भाग संपला आणि दुसरा बराच लांब असेल, तर मागून दोरा तिकडं ओढून नेऊ नका. पांढऱ्या मॅटीतून तांबडा दोरा पुढून दिसतो. तोडा आणि नव्यानं सुरू करा.

पूर्ण झाल्यावर थंड पाण्यात सौम्य साबणानं धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, आणि जाड टॉवेलवर काम पालथं ठेवून मागून इस्त्री करा.

त्याच फुलावरून लेखन

भरताना हात चालतो आणि डोकं मोकळं असतं. लेखनाची तयारी याच वेळात करावी. फुलाचं छायाचित्र समोर ठेवा आणि पंधरा मिनिटांत वीस निरीक्षणं लिहा. त्यांत विशेषण नको आणि उपमाही नको; दिसतं तेवढंच. 'डावी तिसरी पाकळी बाकीच्यांपेक्षा आखूड.' 'देठाची काळी रेष मध्येच तुटली आहे.' 'तांबडा रंग कडेच्या बाहेर दोन ठिकाणी गेला आहे.' पहिली सात-आठ सोपी जातात, मग अडायला होतं; कामाची निरीक्षणं त्या अडण्यानंतरच येतात.

नंतर नोंदीतल्या गोष्टींची एक यादी करा आणि शेजारी दुसरी: नोंद काय सांगत नाही? कापड कुणी रंगवलं, तिसरी पाकळी आखूड का राहिली, कापड जहाजात चढताना किनाऱ्यावर कोण उभं होतं. गोष्ट या दुसऱ्या यादीत असते. पहिलीचा उपयोग तिला खरं ठेवण्यासाठी.

छिटेची कृती थोडक्यात अशी होती. कापड भट्टी करून पांढरं करायचे, मग हिरडा आणि म्हशीच्या दुधाच्या पाण्यात बुडवून वाळवायचे. दुधातल्या स्निग्धतेमुळे कलमाचा रंग फुटून पसरत नसे. भोकं पाडलेल्या कागदावरून कोळशाची पूड चोळून खाका उतरवायचा. काळ्या रेषांसाठी लोखंडाचं द्रावण आणि तांबड्यासाठी तुरटी कलमानं लावायची, आणि कापड चाय नावाच्या मुळीच्या पाण्यात उकळायचं. जिथं तुरटी तिथं तांबडा चढे. मग निळा नको तिथं मेण लावून कापड निळीच्या पिंपात, नंतर मेण काढून शेवटी पिवळा. एकेका कापडाला असे कितीतरी दिवस लागत. हिरडा, तुरटी, नीळ, मेण हे सगळं आपल्याही घरात आणि बाजारात होतं, त्यामुळे मराठी लेखकाला यातले वास आणि स्पर्श परके नाहीत.

आता चारशे शब्दांची मर्यादा घाला. एक जागा, दिवसाची एक वेळ, एक माणूस, एक काम. सुरुवात हातानं चाललेल्या कृतीनं करा. 'तो फार अस्वस्थ होता, त्याला भूतकाळ आठवत होता' या वाक्यात वाचकाला धरायला काही नाही. 'दूध-हिरड्याच्या पाण्याचा वास बोटांवरून जाईना, म्हणून तो डाव्या हातानं जेवला' यात माणूसही दिसतो, कामही दिसतं आणि काहीतरी बिनसलंय हेही कळतं.

नवशिक्यांच्या पहिल्या खर्ड्यात दोन दोष हटकून येतात. पहिला: जमवलेली सगळी माहिती गोष्टीत कोंबली जाते आणि पात्रं एकमेकांना विश्वकोश वाचून दाखवतात. ज्याला काम येतं तो कामाबद्दल बोलत नाही, करतो. संवादातून माहिती काढून टाका. दुसरा: काळाची गफलत. १७५० च्या मच्छलीपट्टणात, म्हणजे याच किनाऱ्यावरच्या बंदरात, कुणी काडेपेटी पेटवत नाही, ती १८२० च्या दशकाच्या अखेरीस आली. झगझगीत जांभळी साडी नको, पहिला कृत्रिम रंग १८५६ चा. शंका आली की त्या वस्तूचं नाव आणि 'शोध' एवढंच टाकून विश्वकोशात तपासा. उलट, इतिहास गोष्टीचं बीज पुरवतोही: छिटेनं आपल्या विणकरांचा धंदा बुडतो म्हणून फ्रान्सनं १६८६ मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत चालली, इंग्लंडनंही १७२१ मध्ये वापरावर बंदी आणली आणि १७७४ मध्ये उठवली. लपवून आणलेला एक कापडतुकडा, एवढ्यावर एक कथा उभी राहते.

शब्द शोधताना

शब्दकोशात जाताना जुनं लेखन लक्षात ठेवा. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोन्ही १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे आहेत. 'नाव' सापडला नाही तर 'नांव' टाका, 'काही'साठी 'कांहीं'. छीट शोधताना 'चीट'ही पाहा. दाते-कर्वे कोशात अर्थाजवळ (व.), (गो.) अशी आद्याक्षरं दिसतात, ती वऱ्हाडी, गोमंतकी अशा बोलींची आहेत. तुमचं पात्र ज्या भागातलं त्या भागाचे चार शब्द पुरेत. सगळ्या संवादांत बोली ओतली तर वाचक अडखळतो. शब्द मिळाला की त्याच पानावरचे शेजारचे आठ-दहा शब्दही वाचा, कारण न शोधता सापडलेला शब्द बहुधा जास्त उपयोगी पडतो.

स्कॅन केलेल्या जुन्या मराठी पुस्तकांत अंतर्गत शोध भरवशाचा नसतो. जोडाक्षरं आणि झिजलेले टाइप यंत्राला नीट वाचता येत नाहीत. शोधात काही आलं नाही म्हणून पुस्तकात नाही असं धरू नका. अनुक्रमणिका उघडा आणि पान गाठा.

ज्यांना गद्य जड वाटतं त्यांनी ओवी घ्यावी. पारीवरच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायांकडून त्या जमवल्या. ऐकू येणारी मुद्रणंही तिथं आहेत, आणि ती नुसती वाचण्यापेक्षा ऐकावीत. चाल कानात बसल्याशिवाय ओवीची लांबी हाताला कळत नाही. सराव असा: एकाच विषयावरच्या दहा ओव्या ऐका, पहिली ओळ चित्र कसं मांडते आणि दुसरी ओळ ते घरच्या माणसाकडे कसं वळवते ते पाहा, आणि मग आपल्या फुलावर दोन ओळी रचा. नमुन्यादाखल, निळ्या पानावर:

निळं निळं पान, माझ्या कापडाच्या काठी
पिवळा गेला सोडून, ऊन लागलं गं पाठी

अशा पाच करा, चार खोडा. संग्रहातली ओळ जशीच्या तशी उचलू नका. प्रत्येक ओवीखाली ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. ती ओवी तिची आहे. उद्धृत करायची असेल तर नाव-गावासकट करा.

हक्क आणि श्रेय

भारतात पुस्तकाचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं राहतो. १९५० मध्ये गेलेल्या लेखकाचं त्याच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०११ ला मुक्त झालं. मात्र भाषांतर, संपादन, प्रस्तावना यांचे हक्क वेगळे असतात. जुन्या पोथीची कालची संपादित आवृत्ती मुक्त नसते.

चित्रांच्या परवान्यांत 'सीसी बाय' म्हणजे श्रेय द्या आणि वापरा; 'एनसी' दिसलं तर विक्रीसाठी नाही; 'एसए' दिसलं तर तुमची बदललेली कृतीही त्याच परवान्यानं खुली ठेवावी लागते. दुसऱ्या कारागिरानं रेखलेला आलेख फुकट मिळाला तरी तो स्वतःसाठी भरायला असतो. त्यावरून भरलेली वस्तू विकायची तर विचारा, आणि तो आलेखच पुन्हा वाटू नका.

सीसी झीरो चित्राला श्रेय देणं कायद्यानं बंधनकारक नाही, तरी द्या. चौकटीच्या मागच्या कागदावर आणि लेखनाच्या शेवटी एकच ओळ पुरते: वस्तूचं नाव, ठिकाण आणि काळ, संग्रहालय, नोंदणी क्रमांक. क्रमांक महत्त्वाचा, कारण संकेतस्थळांचे दुवे बदलतात पण नोंदणी क्रमांक सहसा बदलत नाही, आणि तुमचं काम पाहून कुणाला मूळ कापड पाहायचं झालं तर तोच टाकून ते थेट सापडतं.